मंगळवारची बाई

माझी धाकटी जाऊ माझं कधीच ऐकत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ऐकत नसे म्हणजे भांडायची असं नाही. मी बोलायला लागले की ती मान खाली घालून कोंबड्यांना दाणे टाकत राहायची, आणि माझं बोलून झालं की "बरं वहिनी" म्हणून आत जायची. दीर मला वहिनी म्हणायचा म्हणून तीही वहिनीच म्हणायची. तिच्या त्या "बरं"चा अर्थ "नाही" असा असतो, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

आमचा पाडा झरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून. फोन हातात धरून अंगणात चार पावलं इकडेतिकडे केली की "गुजरातमध्ये स्वागत" असा मेसेज येतो, इतके आम्ही कडेला. मी या पाड्याची आशा सेविका. कोसबाडला मामाकडे राहून दहावी झालेली, त्यामुळे सरकारी मराठी मला येतं आणि ते मी जरा मोठ्याने बोलते. पाड्यात कुणाला दिवस गेले तर नवऱ्याच्या आधी मला कळायचं. कुणाचं बाळ वजनात बसत नाही, कोण गोळ्या शेणाच्या खड्ड्यात टाकतं, सगळं मला ठाऊक. लोक मला वचकून असायचे आणि मला ते आवडायचं. फक्त माझ्याच घरात, एका कुडाच्या पलीकडे, माझी जाऊ माझ्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.

तिचं पहिलं बाळ घरीच झालं. मी तेव्हा ट्रेनिंगसाठी डहाणूला गेले होते. सासूने शेजारच्या सुईणीला बोलावलं. मी परत आले तोवर सगळं उरकलं होतं. बाळ रडलंच नाही, आणि जावेचं रक्त इतकं गेलं होतं की तिला पुढे कित्येक दिवस उभं राहिलं की अंधारी यायची. त्याबद्दल ती घरात कुणाशी एक शब्द बोलली नाही. माझ्याशी तर नाहीच. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं, की हिचं पुढचं बाळ दवाखान्यातच झालं पाहिजे. पुन्हा दिवस गेले तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी तसं सांगितलं. ती म्हणाली, "तिथं आपलं कोण असतं?" मी म्हटलं, "डॉक्टर असतात, नर्स असतात, अजून कोण पाहिजे तुला?" ती म्हणाली, "बरं वहिनी."

हे २०१६च्या शेवटी शेवटी. त्याच हिवाळ्यात एका संस्थेची कार्यकर्ती पाड्यात आली. गरोदर बायांचे नंबर आणि महिने लिहून घ्यायचे, मग प्रत्येकीला आठवड्यातून एकदा फोन येणार, त्यात काय खायचं, काय करायचं, कशाला घाबरायचं ते सांगणार, अशी योजना होती. मला ती फार आवडली. घरोघर मीच तिला फिरवलं. माझं काम हलकं होईल असं मला वाटत होतं. माझ्या जागेवर कुणी येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या जावेच्या घरी मात्र ती एकटीच गेली, कारण मी शेजारच्या बाईच्या पोराचा ताप बघत होते. तिने विचारलं, पाळी शेवटची कधी आली होती? जाऊ म्हणाली, वाघबारशीला. कार्यकर्तीने कॅलेंडरात दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस बघितली आणि ती तारीख लिहून घेतली. आता आमची वाघबारस काही कॅलेंडर बघून येत नाही. ती पाड्यातली जुनी माणसं ठरवतात, भात कसं आलंय, भगताला सवड कधी आहे ते बघून. त्या वर्षी भात लवकर पिकलं होतं, तर आमच्या वाघोबाला मान देऊन झाल्यावर कितीतरी दिवसांनी लोकांची दिवाळी आली. शेजारच्या पाड्याची वाघबारस अजून वेगळी. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायचं कुणाला सुचलं नाही.

मग मंगळवार सुरू झाले.

फोन दिराचा होता, बटणांचा. दीर उंबरगावला कारखान्यात जायचा. तिने त्याला सांगून टाकलं, मंगळवारी फोन घरी राहील. माझा नवरा माझ्यासाठी फोन तर सोडाच, टॉर्चही घरी ठेवत नाही. आमच्या घरात नेटवर्क फक्त एका कोपऱ्यात यायचं, तिथे खुंटीला दोरी बांधून तिने फोन टांगला. मंगळवारी दुपारी ती अंघोळ करायची, केस विंचरायची, चटई टाकून त्या खुंटीखाली बसायची. पावणी यायची असल्यासारखी. फोन वाजला की बटण दाबून आवाज मोठा करायची. माझं स्वयंपाकघर कुडाच्या अलीकडे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"नमस्कार ताई. कशा आहात तुम्ही? तुमच्या गरोदरपणाचा आता चौथा महिना सुरू आहे."

काय तो आवाज! साय लावून बोलत असल्यासारखा. माझ्या अंगाचा पहिल्याच दिवशी तिळपापड झाला. आमच्याकडे सुनेला कोण "तुम्ही" म्हणतं? कोण विचारतं कशी आहेस म्हणून? आणि माझी जाऊ, जी माझ्यासमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची, ती त्या फोनला उत्तरं देत होती. "बरी आहे बाई." "हो बाई, खाल्ली." "नाय बाई, सूज नाय."

मी तिला सांगितलं, "अगं, ते आधी बोलून भरून ठेवलेलं आहे. सगळ्या बायांना तेच ऐकवतात. तुझं तिला ऐकू जात नाही."

"असंल," ती म्हणाली. "पण मला फोन करते ना."

मी दर दोन दिवसांनी कूड ओलांडून तिच्याकडे जात होते, ते कुठे गेलं?

शेवग्याचा पाला खा, म्हणून मी तिच्या मागे लागले होते. झाड दारात. तिने हात लावला नव्हता. फोनवालीने "हिरव्या पालेभाज्या" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बाईसाहेब काठी घेऊन शेवग्याखाली. लोहाच्या गोळ्या मी तिच्या हातात ठेवायचे, ती मागच्या दारी फेकायची, कोंबड्या चोच मारून सोडून द्यायच्या. फोनवालीने सांगितलं, गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या, मळमळणार नाही. हे लिंबूपाणी मीच तिला सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत, फक्त जरा ओरडून. आता ती वाणगावच्या माहेराहून लिंबं मागवून घेत होती. सासूही फितली. उपासतापास, देवदेव सगळं बाजूला ठेवून ती सुनेला अंडं उकडून द्यायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "ती डॉक्टरांच्या इथून बोलते. तुझं काय, तू आपल्यातलीच."

तलासरीला आमची मीटिंग झाली. बायांच्या वागण्यात फरक पडलाय, गोळ्या खातात, तपासणीला येतात, फोनचा चांगला उपयोग होतोय, असं साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाय माझे दुखत होते, चपला माझ्या झिजत होत्या आणि टाळ्या त्या बाईला. ती कशी दिसत असेल याचा मी बसमध्ये विचार करत बसले. गोरी असणार. पंख्याखाली बसून बोलली असणार, एकदाच, आणि घरी गेली असणार.

मी तिच्यावर जळत होते. वेगळ्या शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. बाई जिवंत असती, समोर असती, तर तिच्यात काहीतरी खोट काढता आली असती. आवाजात काय खोट काढणार?

खोट सापडली ती महिन्यांच्या हिशोबात. पावसाळा लागला तेव्हा जावेचं पोट बघून मला शंका आली. मी विचारलं, पाळी कधीची? ती म्हणाली, वाघबारशीची. आपल्या वाघबारशीची? तर मग कुणाच्या, ती म्हणाली. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला, आणि खरं सांगते, आधी काळजी नाही वाटली, आनंद झाला. सापडली! चुकली शहाणी! मी कार्यकर्तीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली सुधारून घेते. पण पुढच्या मंगळवारी बाई आपली आठव्या महिन्यावरच.

"तुझा नववा भरत आलाय," मी जावेला सांगितलं.

"बाई आठवा बोलली."

"बाईला काय माहीत आपली वाघबारस कधी झाली ते?"

"तिला सगळं माहीत असतं. मला मळमळत होतं तेव्हा मळमळीचं बोलली. पाय सुजले तेव्हा सुजेचं बोलली. तू कधी बोलतेस तसं बरोबर?"

मी रागाने निघून आले. पण घरी आल्यावर राग गेला आणि मी महिने पुन्हा बोटांवर मोजले. आठव्या महिन्यात आहोत असं समजून ही घरात बसून राहिली, तर मागच्यासारखंच होणार होतं.

आवणीचे दिवस होते. सगळा पाडा चिखलात. दीर कामावर न जाता घरच्या शेतात होता, आणि भिजू नये म्हणून फोन खुंटीलाच असायचा. त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी मी रोपांच्या जुड्या न्यायला म्हणून घराकडे आले तर सासू ओट्यावर बसलेली. "तिच्या पोटात येतंय," ती म्हणाली. "सकाळपासून."

आत गेले. जाऊ डाव्या कुशीवर निजली होती. कपाळावर घाम, दात आवळलेले.

"कधीपासून?"

"हे तसलं नाय. बाई बोलली मागल्या मंगळवारी, आठव्यात असं खोटं दुखतं, डाव्या कुशीवर निजा, थांबतं."

हात ठेवला तर पोट दगडासारखं. सुटलं, आणि थोड्याच वेळात पुन्हा आवळलं. लुगड्याचा ओचा ओला होता. मी म्हटलं, "पाणी गेलंय तुझं. ऊठ. आत्ताच्या आत्ता तलासरीला जायचं."

"नाय."

"मरायचंय का तुला?"

"बाई सांगल तेव्हा जाईन. मंगळवारी सांगल ती."

मंगळवार! मी सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "घाई कशाला करतेस, फोनवाल्या बाईला जास्त कळतं." तेव्हा मला जे झालं ते राग नव्हता आणि भीतीही नव्हती. दोन्ही एकत्र ढवळून कुणी घशात ओतलं होतं. तिला उचलून नेता येत नव्हतं. ती खुंटीखाली चटईला चिकटून बसली असती. माझं ऐकणारं त्या घरात कुणी नव्हतं. ज्या एकीचं ऐकलं असतं, ती कुठल्यातरी मशीनमध्ये बंद होती, मंगळवारपर्यंत.

मी बाहेर आले आणि बांधावरून धावत सुटले. वरच्या ताडांपाशी पोचल्यावर माझ्या फोनला बोलण्याइतकं नेटवर्क येतं. आधी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, डांबरीवर येऊन थांबा म्हणाले. मग घरच्या फोनला लावला. डोक्यावरच्या प्लॅस्टिकवर पाऊस ताशासारखा वाजत होता. धावून छाती भरून आली होती. तिने उचलला. तिला अक्षरं येत नव्हती, नंबर कुणाचा ते तिला कळणार नव्हतं.

"नमस्कार ताई," मी म्हटलं. "कशा आहात तुम्ही?"

कुडाआडून ऐकून ऐकून मला ते तोंडपाठ झालं होतं. तोच सूर, तोच "तुम्ही". बोलताना लाज वाटली. आपल्या जावेला "तुम्ही" म्हणायला जीभ वळेना.

"बाई? आज शुक्रवार हाय."

"आज मुद्दाम फोन केला ताई. तुमचा महिना आमच्याकडून चुकला होता. तुमच्या पाड्याची वाघबारस आधी झाली, ते आम्हाला उशिरा समजलं."

"हो बाई. आमची आधी झाली." तिचा आवाज एकदम मोकळा झाला. ती मला एवढ्या आनंदाने कधी "हो" म्हणाली नव्हती.

"हे दुखणं खरं आहे. तुमची वेळ आजच आहे. आता निजून राहू नका. उठा आणि गाडीत बसून दवाखान्यात जा."

पलीकडे तिचा श्वास जोरात ऐकू आला. कळ येऊन गेली असावी. मग ती हळूच म्हणाली, "बाई, मागलं रडलं नव्हतं."

घरात तिने हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. नवऱ्याजवळ नाही, सासूजवळ नाही. मी कुडाच्या पलीकडे राहत होते, माझ्याजवळ नाही. आणि त्या परक्या बाईला, दोन मिनिटांत. मला इतकी जळजळ झाली आणि इतकं रडू आलं, की कुठलं आधी थोपवावं कळेना.

"मला माहीत आहे ताई," मी म्हटलं. आवाज फाटला. "मला ते रोज आठवतं. तुम्ही अंगणात एकट्या बसलेल्या दिसता तेव्हा माझा जीव तुटतो. हे रडेल. दवाखान्यात गेलात तर हे रडेल."

ती बाई असलं काही कधी बोलली नव्हती. मला ते भान राहिलं नाही.

"तिथं माझं कोण असंल?"

"मी असेन."

"नक्की?"

"हात धरून बसेन ताई. उठा आता."

मी धावत परत आले तोवर ती ओट्यावर उभी होती, खांबाला धरून. मला बघून म्हणाली, "चल वहिनी. बाईचा फोन आलता. तुझं बरोबर होतं, नववाच हाय." मी दिराला हाक मारली, बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि तिला डांबरीपर्यंत नेलं.

तलासरीला पोचल्यावर फार वेळ लागला नाही. नर्सने मला आत राहू दिलं. मी तिचा हात धरून बसले होते, माझी बोटं तिने इतकी आवळली की दुसऱ्या दिवशी मला भाकरी थापता येईना. आणि कळ ओसरली की दरवेळी ती दाराकडे बघायची. "बाई आली का?"

"येईल," मी म्हणायचे. हात माझाच होता.

मुलगी झाली. लगेच रडली, सगळा दवाखाना डोक्यावर घेईल अशी. जाऊ हसली आणि पुन्हा दाराकडे बघितलं.

घरी आल्यावर तिने ती गोष्ट पाड्यातल्या प्रत्येक बाईला सांगितली. बाईने मुद्दाम शुक्रवारी फोन केला. बाई माझ्याशी बोलली, मी विचारलं त्याचं उत्तर दिलं. बाई रडली माझ्यासाठी. बायका म्हणायच्या, अगं ते टेपचं असतं, आम्हाला कधी उत्तर देत नाही. ती म्हणायची, तुमच्याशी नसंल बोलत. मी शेजारी बसून शेंगा निवडत हे सगळं ऐकायचे. कितीदा तोंडाशी आलं, की मी होते ती, मी! पण सांगून काय झालं असतं? ती म्हणाली असती, चल, तुला कुठे एवढं गोड बोलता येतं. आणि खरंच, तिच्यासमोर बसल्यावर मला "ऊठ", "खा", "काय गं हे" यापलीकडे काही सुचायचं नाही.

पुढचा मंगळवार आला. तिने अंघोळ केली, केस विंचरले, मुलीला मांडीवर घेतलं आणि खुंटीखाली बसली. त्या दिवशी मी आतच होते, मुलीची नाळ बघत. फोन वाजला.

"नमस्कार ताई. कशा आहात तुम्ही? तुमच्या गरोदरपणाचा आता नववा महिना सुरू झाला आहे."

"झालं ना बाई," जाऊ घाईने म्हणाली. "मुलगी झाली. रडली ती. तुम्ही सांगलं तसंच."

आवाज बोलतच राहिला. दवाखान्यात नेण्याचे कपडे आधी बांधून ठेवा, गाडीची सोय करून ठेवा.

"बाई, तुम्ही आल्या का नाय? मी वाट बघली."

आवाज लिंबूपाण्याबद्दल सांगू लागला. जाऊ बोलायची थांबली. फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा लहान पोरीसारखा पडला होता. मला वाटलं, आता हिला कळलं. मी हातातला कापूस खाली ठेवला. माझं काळीज असं धडधडायला लागलं, की जणू माझंच लग्न ठरत होतं.

"वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली, "तू जरा बाहेर जा ना. तू असलीस की ती बोलत नाय."

मी उठले आणि बाहेर गेले.